डोळ्याखालची पेन्सिल

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. पुतणी हॉस्पिटलातून बोलत होती, "आत्या, बाबा गेले गं…" मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेल्या शेंगा सोलून टाकल्या. दाणे धुतले, डब्यात भरले, हात पुसले. शेजारीण येऊन गळ्यात पडली आणि रडायला लागली, तर मीच तिला पाणी दिलं. आता दीड महिना होत आला, मला अजून रडू आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. लोकांना माझा थोरला भाऊ लग्नामुंजींचा फोटोग्राफर म्हणून माहीत होता. त्याचं दुसरं एक काम फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसले.

काशीत दुर्गाघाटाच्या गल्लीत आमचं घर, वर आम्ही आणि खाली अण्णाचा स्टुडिओ. वडील याज्ञिकी करायचे, पण थोरल्या मुलाला होमाच्या धुरापेक्षा डार्करूमचा अंधार प्रिय. त्या काळी जवळच्या पोलीस ठाण्याकडे स्वतःचा फोटोग्राफर नव्हता. कुणाला पकडून आणलं की शिपाई गल्लीतूनच हाक मारायचा, "पंडितजी, चलिए, फोटो है!" अण्णा लाकडी कॅमेरा खांद्यावर टाकून निघायचा. एक फोटो समोरून, एक बाजूने, छातीशी पाटी आणि पाटीवर खडूने लिहिलेलं नाव. प्रिंट ठाण्यात जायची, निगेटिव्ह अण्णाच्या पत्र्याच्या पेटीत राहायची. फोटोआधी तो प्रत्येकाच्या हातात कंगवा द्यायचा. शिपायांची हसून पुरेवाट व्हायची. "हसा लेको," अण्णा घरी येऊन म्हणायचा, "त्या माणसाचा जन्मातला पहिलाच फोटो असतो तो. भांग तरी धड नको?"

त्याचा हात फार सफाईदार होता. तेव्हा निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायची पद्धत होती. खिडकीच्या उजेडात काच धरायची, तिच्यावर निगेटिव्ह आणि बारीक टोकाची पेन्सिल. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर फिकट दिसतो. तो पेन्सिलीने भरला की प्रिंटमध्ये डाग नाहीसा. मुरुमं, सुरकुत्या, देवीचे व्रण, सगळं अण्णा पुसून टाकायचा. काशीतल्या निम्म्या दक्षिणी, म्हणजे मराठी, मुली त्याच्या पेन्सिलीमुळे खपल्या, असं आई गमतीनं म्हणायची.

आणि नेमकी माझी वेळ आली तेव्हा त्यानं पेन्सिल खाली ठेवली. मला लहानपणी देवी आल्या होत्या, दोन्ही गालांवर व्रण आहेत. ग्वाल्हेरच्या एका स्थळाला फोटो पाठवायचा होता. अण्णानं फोटो सुरेख काढला, पण व्रण तसेच ठेवले. आई हात जोडून म्हणाली, "अरे, परक्यांच्या मुलींना करतोस, बहिणीला नाही?" तो म्हणाला, "आता कुणालाच करत नाही." कारण विचारलं तर उठून डार्करूममध्ये गेला. फोटो ग्वाल्हेरहून परत आला, मग इंदूरहून आला. पुढे मी शाळेत नोकरी धरली आणि लग्नाचा विषय आपोआप मिटला. अण्णाशी मी कितीतरी महिने बोलत नव्हते. एका ताटलीत जेवलेली भावंडं आम्ही, पण वाढताना मी त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाही. राग नंतर विरला म्हणतात तसं काही झालं नाही, त्याची सवय झाली.

चार-पाच वर्षांपूर्वी एका दुपारी फुलमती नावाची बाई दाराशी आली. नावाड्याच्या घरातली, पन्नाशी उलटलेली. "चाचा," ती अण्णाला म्हणाली, "हमरे बाबू का एक्के फोटो खिंचा था, थाने में. अम्मा बताती थीं, दुर्गाघाट के दक्खिनी पंडितजी खींचे थे. घर में बियाह है. दीवार पर बाबू हों तो…" वडील गेले तेव्हा ती पाळण्यात होती. त्यांचा चेहरा तिला आठवतच नव्हता. घरातलं नवं जोडपं थोरांच्या फोटोला नमस्कार करतं, आणि हिच्या भिंतीवर कुणी नव्हतं.

बापाचं नाव बिंदेसरी. अण्णानं नाव ऐकलं आणि पेटी उघडायच्या आधीच खाली बसला. निगेटिव्ह शोधायला त्याला वेळ लागला नाही. तिला दोन दिवसांनी यायला सांगितलं आणि मला हाक मारली, "कुसुम, जरा इकडे ये. दो मिनट बैस."

तेव्हा पहिल्यांदा मला सगळं कळलं. एका यात्रेकरूची पेटी नावेतून नाहीशी झाली होती आणि बिंदेसरीला पकडलं होतं. अण्णा फोटो काढायला गेला तेव्हा बिंदेसरीच्या डोळ्याखाली काळंनिळं झालेलं होतं, ओठ फुटलेला. लगीनसराई चालू होती, खिडकीशी नवऱ्यामुलींच्या निगेटिव्हचा ढीग पडलेला, त्यात हाही. कुणी सांगितलं नव्हतं, दबाव नव्हता. हात सवयीनं चालला आणि नवऱ्यामुलींच्या बरोबर बिंदेसरीचाही चेहरा स्वच्छ झाला. पुढे कोर्टात बिंदेसरी म्हणाला, मारून कबूल करून घेतलं. ठाण्यानं फोटो पुढे केला, चेहऱ्यावर माराची खूण कुठे आहे म्हणून. अण्णाला साक्षीला बोलावलं आणि एकच विचारलं, हा फोटो तुम्हीच काढला का? अण्णा म्हणाला, "जी." बिंदेसरीला सजा झाली. सुटून आला तो खोकतच, आणि थोड्याच दिवसांत गेला.

"मला सांगायचंस तरी," मी म्हटलं. "मी एवढी वर्षं समजत होते की तुला माझी…" अण्णा म्हणाला, "तुझा फोटो समोर घेतला होता गं. पेन्सिल उचलली होती. पण हातच चालेना." मला त्याची दया आली आणि त्याच क्षणी रागही आला, आणि दोन्ही आजही तसेच आहेत.

त्यानं टर्पेंटाइनमध्ये कापूस भिजवला आणि निगेटिव्हवरची पेन्सिल पुसली. पण त्याआधी एक प्रिंट काढून घेतली होती. मग पुसल्यावरची दुसरी. फुलमती आली तेव्हा दोन्ही तिच्यापुढे ठेवल्या आणि काहीही न लपवता सांगितलं. तिनं आधी सुजलेला चेहरा पाहिला, बराच वेळ. त्यावरून एक बोट फिरवलं. मग पेन्सिल फिरवलेला उचलला. म्हणाली, "अम्मा जिनको जानती थीं, ऊ त ई हैं. मार खाने से पहिले के." आणि वाकून अण्णाच्या पायांना हात लावला. "आप न होते चाचा, तो हमको इनका असली मुँह कहाँ मिलता! दूसरका आप ही रखिए, हमसे रोज देखा नहीं जाएगा."

अण्णानं पाय ओढून घेतले, पण तोवर तिचा नमस्कार झाला होता. ती गेल्यावर तो म्हणाला, "शिव्या देऊन गेली असती तर बरं झालं असतं…" संध्याकाळी तो जेवला नाही.

सुजलेल्या चेहऱ्याचा फोटो त्यानं मढवून आपल्या खोलीत पलंगासमोर लावला. हार कधी घातला नाही, घराण्यातला नव्हे म्हणून असेल, किंवा धीर होत नसेल. सकाळी उठून चष्मा लावला की पहिली नजर तिकडे.

तेराव्याला अण्णाचाही फोटो हवा होता. तसा धड एकच निघाला, पुतणीनं दिवाळीत मोबाइलवर काढलेला. त्याआधी जिन्यात पडल्यामुळे कपाळावर मोठी खोक आणि डोळ्याखाली काळं. चौकातल्या दुकानातल्या माणसानं तो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि विचारलं, "दीदी, ये सब साफ कर दें? एक मिनट का काम है."

मी कर म्हणेन असं मला वाटलं होतं. त्या एका मिनिटासाठी मी सगळं तरुणपण अण्णावर रागावून काढलं होतं. मी म्हटलं, "रहने दीजिए."

नातेवाईक म्हणाले, अण्णाच्या खोलीत हा परका कशाला, काढा आता तो. मी काढला नाही. त्याच भिंतीवर आता बिंदेसरी आहे आणि शेजारी अण्णा, दोघांच्याही डोळ्याखाली काळं. सकाळी खोली झाडून झाली की मी दोन्ही काचा पुसते. हार मात्र दोघांनाही घालते.