इह म्हणजे खा

लंडनमध्ये स्टॅनमोरला लीलावतीबाईंच्या भिंतीला भिंत लावून मॉरीन राहायची. आयर्लंडहून तरुणपणी आलेली, आता ऐंशी उलटलेली, एकटी. खुब्याचं ऑपरेशन होऊन घरी आली ती वाळतच चालली. लेकीनं फोनवर निक्षून सांगितलं, "रविवारी येतेय. अशीच उपाशी दिसलीस तर केअर होममध्ये नेणार." मॉरीनला तर घर सोडायचं नव्हतं.

लीलावतीबाई रोज मऊभात न्यायच्या, वर तूप. मॉरीन म्हणायची, "नको गं लीला, माझं छान चाललंय." की बाई डबा उचलून परत. सून ऋजुतानं बजावलंच होतं, "आई, इथे नाही म्हणजे नाही. आग्रह करायचा नाही." जन्मभर लोकांच्या पानांत जिलब्या टाकलेल्या बाईंनी हात आवरला होता.

शुक्रवारी डबा झाकताना त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या भाषेत 'खा'ला काय म्हणतात गं?"

"इह!" मॉरीन खुलली. "लिहिताना शेवटी टी-एच, म्हणताना नुसता श्वास सोडायचा. खाल्लं म्हणजे दिह, खाईन म्हणजे ईसी."

"सारखा वेष बदलतो की!"

"आणि क्रियापद आधी, माणूस मागून. दिह मे. खाल्लं मी."

"आधी खाणं, मग माणूस. बरोबर आहे."

"माझी आई पातेलं घेऊन मागे लागायची, इह, इह! पहिल्याच खेपेला हो म्हणणारं पोर हावरट. तिसऱ्यांदा हो म्हणायचं."

बाई डब्याकडे बघत राहिल्या. म्हणजे ही बया इतके दिवस पुढच्या आग्रहाची वाट बघतेय, आणि आपण शहाण्यासारखा डबा झाकतोय!

घरी ऋजुतानं फोनवर शोधलं. "आई, तो शब्द म्हणे पूर्वी 'प'नं सुरू व्हायचा. आयरिश लोकांनी 'प' गाळला. वेदांत 'पितु' म्हणजे अन्न, त्याचा हा नातलग."

"नातलग ना? मग आग्रहाला हरकत नाही."

शनिवारी मॉरीन "नको" म्हणाली. बाईंनी वाढलं. "खरंच नको गं." बाईंनी तूप ओतलं. "इह!"

"तू म्हणतेस म्हणून हं," असं म्हणत तिनं वाटी चाटूनपुसून संपवली.

रविवारी लेक आली तेव्हा आईचं तोंड भातानं भरलेलं. केअर होमचा विषय निघालाच नाही. उलट लेकीपुढेही वाटी आली.

आता मॉरीन काठी टेकत सोडा-ब्रेड घेऊन येते, कोरडा ठक्क. लीलावतीबाई दोनदा नको म्हणतात, अगदी मनापासून. मॉरीन ऐकते कुठे?