टाकी भरलेली होती

व्हॅन चढावर बंद पडली होती. तिच्यातली दहावीची नऊ मुलं दुधाच्या टेम्पोत बसून पुढे गेली होती आणि गेणूभाऊ रस्त्याच्या कडेला उभे राहून फडक्याने व्हॅनचा आरसा पुसत होते. पेपर अकराला होता. मी घोडेगावहून स्कूटरवर पोचलो तेव्हा अकराला दहा कमी होते.

"आरसा कशाला पुसताय, गेणूभाऊ?"

"मग काय पुसू, मिस्त्री? आतलं मला काय कळतंय?"

गेणूभाऊ डिंभ्याचे. धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे पाण्याच्या पाळ्या सोडायच्या. रिटायर झाल्यावर त्यांनी जुनी डिझेल व्हॅन घेतली. त्या बाजूला एसटी आली तर आली, म्हणून लोकांना गाडी हवीच होती. व्हॅनला ते रोज सकाळी आंघोळ घालत. त्यांच्या बायकोचं, हिराबाईंचं म्हणणं होतं की एवढा साबण लावून यांनी स्वतःला कधी धुतलं नाही. पण दोन सीटच्या मधलं इंजिनाचं झाकण उघडायचं म्हटलं की ते असे संकोचायचे, जणू सासऱ्याच्या घरातलं कपाट उघडायला सांगितलंय.

मी त्यांना तीनच कामं शिकवली होती. सकाळी इंजिन गार असताना पट्टी काढून ऑइल बघायचं. रेडिएटरमधलं पाणी बघायचं. आणि आठवड्यातून एकदा डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी सोडायचं, कारण डिझेलबरोबर थोडं पाणी येतंच आणि ते पंपाचं वाटोळं करतं. ही तिन्ही कामं ते देवपूजेसारखी करायचे. जुन्या गाडीच्या नव्या मालकाने एवढं केलं तरी मेकॅनिकचा धंदा निम्म्यावर येतो. हे मी तेव्हा कुणाला सांगत नव्हतो.

धरणाच्या वरच्या एका गावच्या शाळेने मुलांना घोडेगावच्या सेंटरला न्यायचं काम त्यांना दिलं होतं. मोठ्या बाईंनी जीपवाल्यांना डावलून यांना निवडलं, कारण हे टपावर माणसं बसवत नसत. गेणूभाऊ घरोघर जाऊन आईबापांना सांगून आले होते, "पेपर चुकणार न्हाई. माझा शब्द हाय." आणि दुसऱ्याच पेपरला हे झालं.

मी झाकण उघडलं. डिझेल इंजिनाला प्लगची ठिणगी नसते. दाबलेल्या गरम हवेत डिझेल फवारलं की ते पेटतं. त्यामुळे टाकीपासून पंपापर्यंत पाइपात फक्त डिझेल हवं. मधे हवा शिरली की पंप डिझेलऐवजी बुडबुडाच दाबत बसतो आणि इंजिन बंद पडतं. याला आम्ही 'एअर धरली' म्हणतो.

आता हवा शिरली कुठून? टाकी तळाला गेली तर शिरते. नाहीतर एखादा जोड सैल असेल तर. मी फिल्टरवरचा छोटा हातपंप मारला. फिल्टरवर पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टाच्या कडेने फेस आला. त्या बोल्टाला दोन्ही बाजूंनी तांब्याचे वॉशर असतात. तांबं मऊ, आवळलं की दबून फट बुजवतं. पण एकदा दबलं की ते कडक होतं, पुन्हा नीट बसत नाही. नवा टाकायचा, हा नियम.

आठ दिवसांपूर्वी फिल्टर मीच बदलला होता. वॉशर जुनेच ठेवले होते, फक्त उलटे करून. नवे वॉशर माझ्या पिशवीत होते. पण पिशवी स्कूटरला अडकवलेली होती आणि चहा समोर आला होता.

चढावर इंजिन वर आणि मागची टाकी खाली, त्यामुळे पंपाला डिझेल जोराने ओढावं लागतं. त्या ओढीत माझ्या उलट्या वॉशरने हवा घेतली होती.

"काय झालं?" गेणूभाऊंनी विचारलं.

"एअर धरली."

"म्हंजे?"

"टाकी रिकामी ठेवली असणार तुम्ही."

"न्हाई ओ! भरलीय टाकी. कालच भरली."

"मग आधी कधीतरी तळाला गेली असेल. हवा आत राहते."

हे खोटं होतं. मी नवे वॉशर बसवले, हवा काढली, गाडी सुरू केली. त्यांनी माझे आभार मानले.

दुपारी मोठ्या बाई घोडेगावच्या स्टँडजवळ माझ्या गॅरेजवर आल्या. गेणूभाऊ शेजारीच उभे होते, आणि स्टँडवरचे चारदोन जीपवाले.

"मुलं बारा मिनिटं उशिरा बसली," बाई म्हणाल्या. "एक मुलगी अर्धा तास नुसती रडत होती. चूक कुणाची?"

तेव्हा एक शब्द बोलायचा होता. 'माझी.' मी म्हणालो, "नवीन मालक आहेत, बाई. डिझेल कमी ठेवतात."

"टाकी भरली व्हती," गेणूभाऊ म्हणाले.

"मिस्त्रींना जास्त कळतं ना?" बाई म्हणाल्या. उरलेले पेपर जीपला गेले. त्यानंतर शाळेचं काम गेणूभाऊंना कधीच मिळालं नाही.

जीपवाल्यांनी त्यांचं नाव 'रिकामी टाकी' ठेवलं. "काय राव, डिझेल हाय का उतरून ढकलू?" असं प्रवासीसुद्धा विचारू लागले. गेणूभाऊ इतकं काठोकाठ डिझेल भरायचे की वळणावर ते झाकणातून सांडायचं. गाडी पुन्हा बंद पडली नाही, म्हणून माझंच म्हणणं खरं ठरलं. गुडघ्यांनी दगा देईपर्यंत मी त्याच गॅरेजात हुशार मिस्त्री म्हणून मिरवलो.

गॅरेज बंद केल्यावर एक दिवस डिंभ्याला गेलो आणि गेणूभाऊंना वॉशरचं सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शांत नव्हत्या त्या हिराबाई.

"वॉशर बदलायला किती येळ लागतो?"

"पाच मिनिटं."

"आन् हे सांगायला धा वर्सं! लई निवांत मिस्त्री हाय बाई."

गेणूभाऊ म्हणाले, "मला कशाला सांगतो? टाकी भरली व्हती हे मला ठाऊकच व्हतं. ज्यांना खोटं सांगितलं त्यांना सांग." इतकी वर्षं ते मला अहो-जाहो करत. त्या दिवशी नाही.

बाई रिटायर होऊन येडगावला राहत होत्या. तिथे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मीही त्या माणसाचं ऐकलं नाही. तोंडी नको. लिहून द्या, स्टँडवर लावू." मी लिहून दिलं. त्यांनी त्यातल्या सात चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या, खाली माझ्या सहीशेजारी स्वतःची सही केली आणि म्हणाल्या, "आधी त्यांना दाखवा."

कागद घेऊन परत डिंभ्याला गेलो. गेणूभाऊंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि माझ्या हातात परत दिला.

"चुकलंय."

"आता काय चुकलं?"

"'टाकी अर्धी भरलेली होती' असं लिवलंय. अर्धी नव्हती. गळ्यापर्यंत व्हती. नीट लिही."

पुन्हा लिहिलं, बाईंची सही परत घेतली आणि स्टँडवर लावलं. तो कागद जीपवाल्यांनी मोठ्याने वाचला, हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून मला 'उलटा वॉशर' म्हणू लागले. गेणूभाऊंना मात्र काही जण अजून जुन्याच नावाने हाक मारतात. लोकांच्या तोंडी बसलेलं नाव कागद लावून निघत नाही.

नव्या मालकांना एवढंच सांगतो. फिल्टर बदलताना मेकॅनिकच्या समोर उभे राहा आणि तांब्याचे वॉशर नवे मागून घ्या. त्याचा चहा आला असेल तर थोडा गार होऊ द्या.