तेओझेनच्या फाटकातला कोंबडा

तेओझेन फ्रिलोने आयुष्यभर रताळी लावली आणि आयुष्यभर खरं बोलला. रताळ्यांनी पोट भरलं. खऱ्याने मात्र त्याचं पार वाटोळं केलं.

मार्दी ग्राच्या दिवशी आमच्या गावातले पुरुष सोंगं घेऊन, घोड्यांवरून घरोघर गात, गंबोच्या रश्श्यासाठी कोंबडी मागत फिरतात. दुसऱ्या दिवसापासून चाळीस दिवसांचा उपवास, म्हणून त्या दिवशी सगळं माफ. मुखवट्यामागचा माणूस ओळखला तरी नाव घ्यायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण गेल्या वर्षी एका सोंगाने तेओझेनची अंडी उबवणारी बदकी लाथेने मारली आणि हा बाबा भर अंगणात ओरडला, "रेमो, मुखवटा काढ! तुझी चाल ओळखतो मी."

रेमो म्हणजे ओव्हीदचा मुलगा, आणि ओव्हीद सोंगांच्या टोळीचा कप्तान; टोळीची शिस्त त्याच्या हातात. नाव फुटल्यावर ओव्हीदला पोटच्या पोराला सगळ्यांदेखत चाबकाने फोडावं लागलं.

यंदा तेओझेनची बायको ओदेलिया अंथरुणाला खिळली होती. पोटात गाठ, डॉक्टरांनी हात टेकले होते. तिला एकच हवं होतं, सोंगांचं गाणं शेवटचं एकदा खिडकीखाली ऐकायचं.

"येतील ना रे?" ती आठवडाभर विचारत होती.

"न यायला काय झालं? निम्म्यांच्या लग्नात गाण्याच्या साथीला मी फुकट लोखंडी त्रिकोण वाजवलाय."

त्याने तिचा पलंग खिडकीशी ओढला, सगळ्यात माजलेला कोंबडा काखेत धरला आणि सकाळपासून फाटकात उभा राहिला.

दुपारी घोडे आले. चाळीसेक सोंगं, चिंध्यांचे झगे, टोकदार टोप्या. पुढे ओव्हीद, तेवढा एकटा उघड्या तोंडाचा. त्याने फाटकाशी लगाम खेचला, तसा तेओझेनच्या जिवात जीव आला.

"काय हवंय, काका?"

"मला काही नको रे. आत ओदेलिया चाललीय. एक कडवं म्हणा. कोंबडा घ्या, अजून एक देतो."

"कोण म्हणणार? तुम्ही तर सगळ्यांना चालीवरून ओळखता. सांगा, यातल्या कोणाला उतरवू? घ्या नाव."

मुखवट्यांमागे हशा पिकला. तेओझेनने एकेकाकडे पाहिलं. तिसऱ्या घोड्यावर त्याचा धर्मपुत्र होता, बाप्तिस्म्याला त्यानेच हातांवर धरलेला. बसण्याच्या ढबीवरूनच कळत होतं. नाव ओठांवर आलं, ते त्याने गिळलं.

"मी कोणालाच ओळखत नाही," तो म्हणाला. जन्मातलं पहिलं खोटं.

"मग अनोळखी माणसं तुमच्या दारात कशाला गातील?"

ओव्हीदने घोड्याला टाच मारली. तेओझेनने घाईघाईने कोंबडा त्यांच्यापुढे सोडला. एरवी ही माणसं तो पकडायला चिखलात लोळली असती. आज एकही खाली उतरला नाही. कोंबडा टापांखाली चेचला गेला. धर्मपुत्राने तेवढी मान फिरवली. मेले भेकड सगळे!

तेओझेनने घरातून त्रिकोण आणला, बाहेरून खिडकीखाली गेला आणि आवाज जाडा करून गायला लागला. एक कडवं झालं, दुसरं झालं. तिसरं त्याने सुरू केलं.

"तेओझेन," आतून ओदेलिया म्हणाली, "पुरे. तुझा आवाज मी पन्नास वर्षं ऐकतेय. खिडकी लावून घे."

त्याने खिडकी लावली.