लांडगा आल्याची हाळी

"भाषण राहू दे. ते लांडग्याचं ओरडून दाखव. पाहुण्यांना मजा येईल."

साताऱ्याच्या सभागृहात, मी माइकसमोर उभी असताना, मॅडम माझ्या कानात हे म्हणाल्या. गरीब मुलांचे गुण हेरायचं त्यांचं शिबिर होतं. मी नववीत. म्हसवडकडच्या मेंढपाळ वस्तीवरची. ज्याचं भाषण सरस ठरेल त्याला सांगलीला ठेवून शिकवणार होते. मेंढरं चाऱ्यासाठी घाटाखाली निघाली की पोरांची शाळा सुटते, त्यावर मी बोलणार होते. मेंढरांमागं चालत भाषण घोकलं होतं.

शिबिरात मॅडमनी विचारलं म्हणून मी आमच्या हाळ्या सांगितल्या होत्या. पाण्यावर न्यायची वेगळी, लांडगा आल्याची वेगळी. लांडग्याची हाळी आमच्यात उगाच कुणी देत नाही. ती ऐकली की माणूस भरल्या ताटावरून उठतो, काठी घेऊन धावतो. चेष्टेत दिली तर वस्ती थोबाड फोडते. हेही सांगितलं होतं. पण ते त्यांना कशाला ऐकू येतंय!

मी दिली हाळी. समोर एवढी मोठी माणसं, नाही म्हणायची छाती झाली नाही.

शेवटच्या रांगेत माझे वडील, आबा, बसले होते. ते ताडकन उठले. हात काठी चाचपायला गेला, मुंडासं खाली पडलं. "कुठं हाय? कुठं हाय रं?"

अख्खं सभागृह पोट धरून हसलं. प्रमुख पाहुणे टाळ्या वाजवत म्हणाले, "वा! वन्स मोअर!"

आबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते मुंडासं उचलून ओशाळं हसले. लोक हसतात म्हणून हसले. माझ्या बापाला त्यांनी तसं हसायला लावलं. माझं टाळकंच सटकलं.

"कर ना अजून एकदा," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई करणार," मी माइकवरच म्हणाले. "माझं भाषण ऐका. त्यासाठी आलीया मी."

त्यांनी माइक बंद केला. मी बोलत राहिले. माळावर कमावलेला गळा, माइक कुणाला पाहिजे? शेवटच्या वाक्यापर्यंत बोलले, मगच खाली उतरले.

सांगलीला दुसरीच मुलगी गेली. मला बक्षीस दिलं, नकलेचं. मी ते तिथंच ठेवलं.

एसटीत आबांनी मुंडासं सोडून पुन्हा नीट बांधलं. मग म्हणाले, "भाषण लय ब्येस झालं बग. आता थांबू नगंस." माझ्या बोलण्याला कुणी चांगलं म्हटलं ते पहिल्यांदा. त्या शिबिरात एकानंही म्हटलं नव्हतं.

आज मी आटपाडीकडं शाळेत शिकवते. मेंढपाळांची, ऊसतोड्यांची पोरं आहेत. शनिवारी प्रत्येक जण मनातलं बोलतो. आधी मी चांगलं काय झालं ते सांगते, चुकलेलं मागून. फिदीफिदी हसणाऱ्याला माझ्या वर्गात जागा नाही.

परवा शहरातले पाहुणे कॅमेरे घेऊन आले. एक मुलगी पाण्यावर बोलायला उभी राहिली होती. एक साहेब म्हणाले, "ते असू दे. तुमचं धनगरी गाणं म्हण."

ती माझ्याकडं बघायला लागली.

"ती बोलायला उभी राहिलीय," मी म्हणाले. "बसा. ऐका."

आणि दारात जाऊन उभी राहिले. तिचं बोलणं संपेपर्यंत एकालाही बाहेर सोडलं नाही. यापुढंही सोडणार नाही.