लाल चंद्रावरचा दिनूदादा

चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारा माणूस आमच्या शिवाजी पेठेतला होता.

माझा थोरला भाऊ. दिनूदादा. त्याला जाऊन आज वर्ष झालं.

रडकी पोस्ट लिहिणार नाही. त्याला आवडली नसती, आणि मला जमतही नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तालमीचा गणपती म्हणजे सजीव देखावा आलाच. स्टेजवर माणसं नुसते हावभाव करणार, डायलॉग कॅसेटवर आधीच रेकॉर्ड केलेले. दरवर्षी तोच राक्षस आणि तोच वध. त्या वर्षी मी मंडळाच्या मागेच लागले, की स्क्रिप्ट मी लिहिणार. तेव्हा मी बी.एस्सी.ला होते आणि स्वतःला फार मोठी लेखिका समजत होते.

माझी स्टोरी अशी. पेठेतला एक रिक्षा मेकॅनिक टाइम मशीन बनवतो. त्यात बसून आपला कोल्हापूरकर थेट १९६९ सालात जातो, आणि अमेरिकेचं यान उतरायच्या पाच मिनिटं आधी चंद्रावर हजर. मागून अमेरिकन उतरतात. हा त्यांना म्हणतो, "या पावणं, लई उशीर केलासा."

रिक्षा मेकॅनिकचं मशीन चंद्रावर कसं पोचतं, हे विचारायचं नाही. तेव्हाही कुणी विचारलं नाही. मीटिंगमध्ये एकमतानं मंजूर झालं.

अंतराळवीर म्हणून मी दादालाच घेतलं. त्याला कारण होतं.

दादा पैलवान. त्या उन्हाळ्यात पन्हाळ्याकडच्या एका जत्रेत तो कुस्ती हरला. अख्खी पेठ ट्रक भरून बघायला गेली होती, आणि हात मिळवतो न मिळवतो तोच दादा पाठीवर.

त्यानंतर तो तालमीत गेलाच नाही. आई त्याच्यासाठी बदाम भिजत घालायची आणि सकाळी तेच बदाम भाजीत वाटून टाकायची. वस्तादांनी दोनदा निरोप धाडला. दादा म्हणाला, "त्या मातीत आता पाय ठिवणार न्हाय."

विषय बंद.

मला धास्ती वाटायची, की हा माणूस असाच भिंतीकडे तोंड करून म्हातारा होणार.

हेल्मेटमध्ये तोंड दिसणार नाही, कुणी ओळखणार नाही, असं पटवून मी त्याला तयार केलं. बँडचे ड्रेस शिवणाऱ्या टेलरनं चंदेरी सूट शिवून दिला. पायात फाउंड्रीतले गमबूट.

चंद्राची जमीन म्हणून शिरोळकडून उसाच्या चिपाडाची राख आणायचं ठरलं होतं. ऐन वेळी रस्त्यावर पुराचं पाणी आलं आणि टेम्पो तिकडेच अडकला. मग मंडळाच्या कार्यकर्त्यांनी काय करावं? तालमीतल्या कुस्तीच्या हौद्यातली लाल माती पाट्या भरभरून आणली आणि स्टेजवर ओतली. वस्तादांनी म्हणे लगेच परवानगी दिली.

मी डोक्याला हात लावला. चंद्र लालभडक. पण पब्लिक जमलं होतं आणि दादा हेल्मेट घालून मशीनमध्ये बसला होता. मातीचं त्याला सांगायचं राहूनच गेलं.

पडदा उघडला. कॅसेट सुरू झाली. दादा शिडी उतरायला लागला.

शेवटच्या पायरीवर थांबला. खाली बघत राहिला.

आणि तिथंच बसून गमबूट काढायला लागला.

हौद्यात पायताण घालून कुणी उतरत नाही. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण चंद्रावर?

कॅसेट थोडीच थांबते. स्पीकरवर दणदणीत आवाज, "मी चंद्रावर पाऊल ठेवत आहे," आणि दादा डावा बूट ओढतोय. निघता निघेना. मी विंगेतून हातवारे करून दमले.

शेवटी तो अनवाणी उतरला. वाकला आणि माती कपाळाला लावली.

तेवढ्यात दोन अमेरिकन आले. तेही तालमीतलेच. दादानं त्यांच्या पायांकडे बोट दाखवलं. दोघांनी निमूटपणे बूट काढले. एकाचा मोजा अंगठ्याला फाटका होता.

पब्लिक पोट धरून हसत होतं. माझ्या सायन्स फिक्शनचं पार भजं झालं होतं.

मग दादानं मांडीवर शड्डू ठोकला. जाड सूटमुळे आवाजच येईना. म्हणून त्यानं हेल्मेट काढलं, सूटची चेन कमरेपर्यंत ओढली आणि दंडावर थाप मारली. ती मात्र मागच्या गल्लीपर्यंत ऐकू गेली असेल.

आता सगळ्यांनी त्याला ओळखलं. हसणं थांबलं.

पुढच्याच रांगेत वस्ताद उभे होते. ते एवढंच म्हणाले, "दिन्या, उद्या पाचला ये."

दादा म्हणाला, "येतो की."

आई त्या गर्दीतच रडायला लागली. मीही. आनंदानं हो.

पुढचे सगळे दिवस लोक फक्त बूट काढायचा सीन बघायला येत होते. मी लिहिलेले डायलॉग आज कुणालाही आठवत नाहीत. चालतंय.

नंतर दादा फार मोठा पैलवान झाला, असं काही नाही. काही कुस्त्या मारल्या, काही हरला. पण हरल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत असायचा. दोन हजार सालानंतर तो शिकवायला लागला. कुणी हरून घरी बसलाय असं कळलं, की दादा सायकल काढून त्याच्या दारात जायचा आणि त्याला घेऊनच यायचा.

असाच एकदा तो माझ्याकडे जेवायला आला होता. म्हटलं, "दादा, खरं सांग. त्या दिवशी माझ्या चंद्रावर बूट का काढलेस?"

भाकरी मोडता मोडता म्हणाला, "सुमे, माती दिसली. मी हरलोय हे इसरूनच गेलतो की."

दादा, सुमीचा तुला मनापासून रामराम.