सालीवरचा डाग
संत्र्याची साल नखानं उकलली की तो दिवस आठवतो. बागेत संत्र्यांची तोड चालली होती आणि आईच्या हाताशिवाय फळांची निवड होत नसे. भाऊ तिच्या तपासणीचा निकाल घेऊन अकोल्याहून आला. "छातीतला कॅन्सर दुधाच्या नळीतच हाय, माय. सालीवरच्या डागावानी. आत जात नाई." "मंग तोंड काहून पाडून राहिला रे?" म्हणत आई हसून पुन्हा ढिगाशी बसली. पुढच्या वर्षी तो कॅन्सर पसरला. अमरावतीच्या डॉक्टरीणबाई अकोल्याचे कागद पाहून म्हणाल्या, "नळीतला कोणता पसरेल ते आधी सांगता येत नाही, म्हणूनच तर अकोल्याला लगेच ऑपरेशन सांगितलं होतं." भाऊ खाली पाहत म्हणाला, "तोड चालू होती." बाहेर आल्यावर आई मला म्हणाली, "त्यानं ऑपरेशनचं दडवलं, हे त्याच्या बायकोले सांगू नको." आई गेल्यावरही मी ते कुणाला सांगितलेलं नाही, पण भावाशी बोलणं अजून जमलेलं नाही.