ऑफिसला जागा पाहिजे

सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. पक्कं आठवतं, कारण शिरूर स्टँडवरनं दौंडची गाडी हॉर्न वाजवत निघाली आणि त्याच वेळी आमच्या दारात दोन बूटवाले साहेब येऊन उभे राहिले.

माझे सासरे, म्हणजे मामा, जागांचे एजंट. बँक असो, पतसंस्था असो, कुरिअरवाले असोत, शिरूर-दौंड भागात ऑफिसला जागा पाहिजे असली की माणूस मामांकडं येणार. रिकाम्या गाळ्यांच्या चाव्या आमच्याच भिंतीवर खिळ्याला. त्या दिवशी मामा लग्नाला गेलेले. मी सातवी शिकलेली, कडेवर पोरगी, हाताला कणीक.

"एजंट कुठायत?" साहेबांनी विचारलं.

"चला, मी दाखवते," माझ्या तोंडून निघून गेलं. तिथून जे किस्से सुरू झाले ते साठतच गेले. लोक ऐकून हसतात. मला आठवलं की आजही मान खाली जाते.

एक गोष्ट आधीच सांगते. माझी सोनी तेव्हा दोन वर्षांची. मी तिच्या पाठीमागं मुद्दाम ताट पाडायचे. शेजारीण दचकायची, सोनी नाही. "आपल्यात पोरं उशिरा बोलत्यात," मामा म्हणायचे, आणि बाहेर कुणाजवळ बोलायचं नाही असं घरात ठरलेलं. कुठं दाखवायचं ते आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि कुणाला विचारायचं तर सांगावं लागलं असतं. तिला घरी ठेवायला जीव धजायचा नाही, म्हणून जागा दाखवायला जाताना ती कडेवर असायचीच. कुणी तिला हाक मारली की मीच पटकन ओ द्यायचे.

*

तर ते दोन साहेब बँकेचे. मेन रोडच्या गाळ्यावर नेलं आणि ऐटीत शटर वर केलं. आत जमिनीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत धोतरं अंथरलेली आणि त्यावर कुरडया. मालकीणबाई मागच्याच खोलीत राहायच्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "कडंकडंनं या की."

साहेब बूट हातात घेऊन भिंतीला पाठ लावून आत सरकले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मोठे साहेब म्हणाले, "भाड्याचं कसं काय?"

बाई म्हणाल्या, "त्ये मागनं बोलू. आधी ह्या वाळू द्या."

*

न्हावऱ्यात एका दूध कंपनीला ऑफिस पाहिजे होतं. मामांनी एका बागायतदार आबांची खोली काढली होती. कंपनीचा साहेब टेप विसरून आलेला. त्यानं विचारलं, "आबा, खोली केवढी आहे?"

आबा म्हणाले, "दोनशे पिशवी कांदा बसतो. लई रेटलं तर अडीचशे."

साहेबानं माझ्याकडं बघितलं. मी पिशव्यांचा हिशोब फुटांत कसा करू? मी सोनीचं टोपडं नीट करत बसले.

"बरं, माणसं किती बसतील?" साहेब म्हणाला.

आबा विचारात पडले. "माणसं कवा साठवली न्हाईत बाबा."

*

हा पुढचा हसण्यासारखा आहे का ते तुम्हीच ठरवा.

सणसवाडीच्या कारखान्यांना कामगार पुरवणाऱ्या एका कंपनीला दौंडमध्ये भरतीचं ऑफिस पाहिजे होतं. मॅनेजर तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. जागेचे मालक रेल्वेतनं रिटायर झालेले. मामा आणि मी मॅनेजरला घेऊन गेलो. चहा झाला, भाडं ठरलं. मग मालकांनी आडनाव विचारलं. मॅनेजरनं सांगितलं.

मालक म्हणाले, "असं का. गाव कुठलं?"

त्यानं गाव सांगितलं.

"गावात घर कुठल्या अंगाला येतं?"

मॅनेजरनं कप खाली ठेवला. "काका, मी ऑफिस मागायला आलोय, तुमची मुलगी नाही."

मामा वर पंख्याकडं बघत राहिले, मी खाली फरशीकडं. मालक म्हणाले, "तसं न्हाई हो, पाण्याची टाकी एकच हाय, म्हणून." ऑफिस काही झालं नाही. चावी परत आमच्या खिळ्यावर आली, आणि दोन दिवसांनी मामा तीच जागा दुसऱ्याला दाखवायला निघाले. मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले.

*

आता शेवटचा.

एक दिवस पुण्याच्या एका संस्थेच्या मॅडम आल्या. त्यांची संस्था ऐकू न येणाऱ्या मुलांची तपासणी करते आणि त्यांना बोलायला शिकवते. शिरूरला आठवड्यातनं एकदा यायचं, त्यासाठी खोली हवी होती. "इथं नाही मिळाली तर दुसऱ्या तालुक्यात बघू," त्या म्हणाल्या. मी पाण्याचा तांब्या तिथंच ठेवला आणि खिळ्यावरच्या चाव्या काढायला लागले.

पहिला मालक म्हणाला, "घरात लगनाची पोरगी हाय. दारात असली पोरं दिसली तर स्थळं माघारी जात्याल." दुसऱ्याची बायको म्हणाली, "तसली पोरं गोंधळ घालत्यात. आम्हाला शांतता लागती." तिचा टीव्ही चौकात ऐकू येत होता.

राहता राहिली आप्पांच्या पिठाच्या गिरणीवरची खोली. गिरणीच्या आवाजापायी तिथं कुणी टिकत नव्हतं. आदल्या दिवशी मी आप्पांना पढवून आले होते, की मॅडमनी लाईटीचं विचारलं तर लाईट जात नाही म्हणा.

मामा आणि मी मॅडमना घेऊन वर गेलो, तर त्यांनी तेच विचारलं. आप्पा छाती काढून म्हणाले, "आपल्याकडं लाईट जातच न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "मग ही खोली उपयोगाची नाही. खाली गिरणी चालू असताना कान कसे तपासायचे?"

आप्पा माझ्याकडं बघायला लागले. मला तोंड लपवायला जागा नव्हती. तेवढ्यात लोडशेडिंग झालं. गिरणी धाप टाकत थांबली.

"म्हंजी, मंगळवारी जाती," आप्पा म्हणाले. "चांगली दुपारभर जाती."

मॅडम हसल्या. पिशवीतनं त्यांनी एक छोटी घंटी काढली. "एखादं मूल मिळेल का? खोली चालते का बघते."

मी सोनीला पदराखाली घेतलं. तर मामा म्हणाले, "आमची बसंल." माझ्याकडं न बघता म्हणाले.

मॅडमनी सोनीला माझ्या मांडीवर बसवलं आणि मागनं घंटी वाजवली. सोनीनं झटकन मान वळवली. बघते तर बाजूला, जिन्याच्या दारात आप्पा दोन्ही हात वर करून तिला खुणावत होते.

"बघा, ऐकती की," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुम्ही जरा खाली थांबा," मॅडम म्हणाल्या.

आप्पा जिना उतरले. खाली दळणाला आलेल्या बायकांना त्यांनी दटावलं, "ए, गप ऱ्हावा. वर पोरीची परीक्षा चाललीया." डबे खाली ठेवल्याचा आवाज आला आणि सगळं चिडीचूप झालं.

मॅडमनी परत घंटी वाजवली. मामांनी वळून बघितलं. मी बघितलं. जिन्यातनं आप्पांचं डोकं वर आलं. सोनी माझ्या पदराची गाठ सोडवत बसली होती.

*

मॅडम आता दर मंगळवारी येतात. शिरूर असो, दौंड असो, कुणाच्या घरात असं लेकरू असलं तर त्यांच्या कानावर घाला: आप्पांच्या गिरणीवरची खोली, जिना बाहेरनं आहे. लाईट गेली की यायचं.